फर्स्ट बेसवर सेफ की आउट: काट्याच्या निर्णयासाठी कुठे उभं राहायचं, काय बघायचं आणि काय ऐकायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका वडिलांनी मुलाच्या लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत) स्वयंसेवक अंपायर म्हणून उभं राहायला सुरुवात केली आहे. क्रिकेट लहानपणापासूनचं, बेसबॉल मात्र अलीकडचा. बॉल-स्ट्राइक (टाकलेला चेंडू योग्य पट्ट्यातून गेला की नाही) जमतात, पण फर्स्ट बेसवर चेंडू आणि पाय एकदमच पोचले की गडबड होते. चेंडू मारून पळणाऱ्या बॅटरचा पाय बेसला लागण्याआधी बेसवर पाय ठेवलेल्या फील्डरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू आला तर तो आउट, नाहीतर सेफ. सामन्यानंतर पालक मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन येतात आणि त्यात निर्णय कधी कधी खरंच चुकलेला दिसतो. नजर तेज करायचा काही सराव आहे का आणि अगदी बरोबरी झाली तर कोणाच्या बाजूने द्यायचं, असं ते विचारतात.

नजरेचा दोष यात फार थोडा असतो. असे निर्णय बहुतेक वेळा तीन कारणांनी चुकतात. उभं राहायची जागा चुकते, चेंडू पोचतो त्या क्षणी अंपायर स्वतः चालत किंवा पळत असतो, किंवा हात मेंदूच्या आधी वर जातो. तिन्हींवर इलाज आहे आणि तिन्ही इलाज चेंडू बेसवर पोचण्याच्या आधी किंवा नंतर करायचे असतात. नेमक्या त्या क्षणी करण्यासारखं काहीच उरत नाही.

आधी परिस्थितीचं बोलू. तुम्ही एकटे आहात की दोघे, मैदानात दोन बेसमधलं अंतर ६० फूट आहे की ९० फूट, बेसवर आधीच रनर (धावणारा खेळाडू) आहे का, या तीन गोष्टींवर उत्तर बरंच बदलतं. मी ६० फुटी मैदान आणि दोन अंपायर धरून लिहितोय, कारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं लिटल लीग तेच आहे. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजचं सॉफ्टबॉल बघणाऱ्यांनाही हे आकडे चालतील, तिथेही बेस ६० फुटांवरच असतात. तुमच्या लीगने उभं राहायच्या जागा वेगळ्या ठरवून दिल्या असतील तर त्या पाळा. माझं म्हणणं त्या जागांमागच्या कारणांबद्दल आहे.

बेसवर कोणी नसेल तर बेस अंपायरने फर्स्ट बेसमनच्या (फर्स्ट बेस सांभाळणाऱ्या फील्डरच्या) मागे दहा-बारा फुटांवर, फाउल लाइनच्या (मैदानाच्या बाजूच्या सीमारेषेच्या) जरा बाहेर सुरुवात करायची. ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका) शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्डच्या मधल्या फील्डरकडे) किंवा थर्ड बेसमनकडे गेला की लाइन ओलांडून आत यायचं आणि थ्रोच्या रेषेशी काटकोन साधेल अशा जागी, बेसपासून १५ ते १८ फुटांवर थांबायचं. काटकोन यासाठी की चेंडू आपल्याकडे येतोय किंवा आपल्यापासून लांब जातोय असं झालं की तो ग्लोव्हमध्ये नेमका कधी शिरला ते डोळ्यांना कळत नाही. आडवा जाणारा चेंडू नीट कळतो. रनआउट देणारा अंपायर क्रीजच्या रेषेत जाऊन का उभा राहतो हे तुम्हाला सांगायला नको.

अंतराबद्दल नवीन माणसाची समजूत हमखास उलटी असते. जितकं जवळ तितकं चांगलं दिसेल असं वाटतं आणि माणूस सात-आठ फुटांवर जाऊन उभा राहतो. तिथून पाय आणि ग्लोव्ह एका नजरेत मावत नाहीत. मान खालीवर करावी लागते आणि मान हलली की क्षण गेला. १५ फुटांच्या आत येऊ नका. कोन आणि अंतर यांपैकी एकच मिळणार असेल तर कोन घ्या. २५ फुटांवरून बरोबर कोनातून दिसलेलं १२ फुटांवरून चुकीच्या कोनातून दिसलेल्यापेक्षा भरवशाचं असतं.

ग्राउंडर सेकंड बेसमनकडे गेला तर मात्र आत धावू नका. तो फर्स्टच्या जवळ असतो, थ्रो छोटा आणि झटपट येतो आणि तुम्ही आत शिरलात तर थ्रोच्या वाटेतच याल. एक-दोन पावलं टाकून थांबायचं आणि काटकोन जितका जमेल तितका घ्यायचा.

थांबणं हा कोनाइतकाच महत्त्वाचा भाग आहे. थ्रो हातातून सुटला की तुमचे पाय जमिनीला खिळले पाहिजेत. ठरलेल्या जागेला अजून तीन पावलं बाकी असली तरी तिथेच थांबा. धावताना डोकं वरखाली होतं, नजरेतलं चित्र हलतं आणि अशा वेळी दोन घटनांमधली आधीची कोणती हे सांगणं जवळजवळ अशक्य असतं. मी गुडघ्यांवर हात टेकवून वाकत नाही, थोडं वाकून हात मोकळे ठेवतो, कारण थ्रो वाकडा आला तर एक पाऊल टाकता आलं पाहिजे. ज्यांना हात टेकवून डोकं जास्त स्थिर राहतं त्यांनी टेकवावेत.

आता डोळे आणि कान. जुनं तंत्र अजूनही सर्वांत चांगलं आहे: डोळे बेसवर, कान ग्लोव्हवर. फील्डरने चेंडू स्वच्छ उचलला का ते बघा. थ्रो सुटल्यावर पहिले काही फूट तो बघा आणि सरळ आहे की नाही एवढं ठरवा. सरळ असेल तर चेंडूला सोडून द्या आणि नजर बेसच्या कडेवर आणा. तिथे फर्स्ट बेसमनचा पाय आहे आणि रनरचा येणार आहे. चेंडू आल्याचं कान सांगतील. नवीन अंपायर चेंडूमागे नजर नेत ग्लोव्हपर्यंत जातात आणि मग खाली बघतात. तोपर्यंत रनरचा पाय बेसवर असतोच, त्यामुळे त्यांना सगळेच सेफ दिसतात. तुमच्या चुकांमध्ये सेफ दिलेले पण खरे आउट असलेले जास्त असतील, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे.

कानांचं एक गणित लक्षात ठेवा. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. १८ फुटांवरून तो तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचे १६ हजारांश लागतात. मूल सेकंदाला १८ फूट वेगाने येतंय असं धरलं तर तेवढ्यात ते साडेतीन इंच पुढे सरकतं. एवढ्याचा हिशोब करत बसू नका. पण एकटे अंपायर असाल आणि प्लेटमागून (बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटमागून) बाहेर येऊन ४० फुटांवरून निर्णय देत असाल, तर उशीर ३६ हजारांशांचा होतो आणि मूल पावणेआठ इंच पुढे गेलेलं असतं. म्हणजे इतक्या लांबून पायाचा स्पर्श आणि ग्लोव्हचा आवाज अगदी एकदम जाणवले, तर चेंडू प्रत्यक्षात आधी पोचलेला असतो. तो आउट आहे. शंभर फुटांवर बसलेल्या पालकांपर्यंत तोच आवाज जवळजवळ ९० हजारांश उशिरा जातो, म्हणून त्यांना तो मनापासून सेफ वाटतो. खोटं कोणीच बोलत नसतं.

एकटे असाल तर प्लेटमागे उभं राहून फर्स्टचा निर्णय देऊ नका. चेंडू मारला गेला की कॅचरच्या (बॅटरमागे बसणाऱ्या फील्डरच्या) डावीकडून बाहेर पडा, फर्स्ट बेस लाइनच्या आतल्या बाजूने पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) दिशेला पंधरा-वीस फूट या आणि थ्रो सुटताच थांबा. थर्डवर रनर असेल तर इतकं पुढे जाता येत नाही, कारण होमही तुम्हालाच बघायचं आहे. तिथे फर्स्टचा कोन थोडा वाईट मिळणार हे गृहीत धरायचं.

हे तंत्र दोन ठिकाणी फसतं. पहिलं म्हणजे आवाज न येणारा थ्रो. लहान मुलांचे ग्लोव्ह मऊ असतात, चेंडू कधी तळव्याजवळ लागून फक्त थप्प होतो, आणि जवळून अलगद टाकलेल्या चेंडूचा तर आवाजच नसतो. दुसरं म्हणजे पिचर फर्स्टवर धावत येतो तो प्ले. फर्स्ट बेसमन चेंडू उचलतो आणि धावत्या पिचरकडे देतो. इथे नेहमीची लय मोडते. झेलणारा स्वतः पळतोय, बेस पायाने चाचपडतोय, थ्रो छोटा आहे आणि ग्लोव्ह कुठल्या उंचीवर असेल सांगता येत नाही.

मेजर लीगमधल्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधल्या) फर्स्ट बेसवरच्या सर्वांत गाजलेल्या दोन चुका नेमक्या अशाच प्लेवर झाल्या. १९८५ च्या वर्ल्ड सिरीजच्या (मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या) सहाव्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये जॅक क्लार्कने पिचर टॉड वॉरेलकडे चेंडू टाकला आणि अंपायर डॉन डेंकिंगरनी रनर हॉर्हे ऑर्टाला सेफ दिलं. २ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये मिगेल काब्रेराने पिचर अर्मांडो गालारागाकडे थ्रो केला. तो सत्ताविसावा आणि शेवटचा आउट ठरून परफेक्ट गेम (एकही प्रतिस्पर्धी बेसवर न पोचलेला सामना) झाला असता, पण अंपायर जिम जॉइसनी रनर जेसन डोनाल्डला सेफ दिलं. दोघेही अव्वल अंपायर होते. डेंकिंगरनी नंतर दिलेलं स्पष्टीकरण शिकण्यासारखं आहे: वॉरेल उंच, चेंडूही उंच आलेला, त्यामुळे ग्लोव्ह आणि पाय एका नजरेत मावले नाहीत, आणि चेंडू अलगद टाकलेला असल्याने प्रेक्षकांच्या गोंगाटात त्याचा आवाज ऐकू आला नाही.

म्हणून पिचर बेसकडे धावताना दिसला की मी जागा बदलतो. जवळ न जाता दोन-तीन पावलं मागे, २० ते २२ फुटांवर राहायचं. नजर बेसवर न खिळवता पिचरच्या कमरेच्या उंचीवर ठेवायची, म्हणजे खाली बेस आणि वर ग्लोव्ह दोन्ही नजरेच्या कडांमध्ये येतात. चित्र थोडं अंधुक मिळतं, पण दोन्ही गोष्टी त्यात असतात.

थ्रो वाकडा आहे असं दिसलं तर बेसवर नजर आणायची घाई करू नका. आता प्रश्न पाय आणि चेंडूच्या शर्यतीचा नसून फर्स्ट बेसमनचा पाय बेसवर राहिला का हा असतो, किंवा चेंडू होमच्या बाजूला ओढला गेला असेल तर टॅग (चेंडू धरलेल्या ग्लोव्हचा रनरला स्पर्श) लागला का हा. ओढून केलेला टॅग आतून दिसत नाही, फर्स्ट बेसमनचं अंग मधे येतं. तो प्लेट अंपायरला (होम प्लेटमागच्या जोडीदाराला) लाइनवरून वर येताना चांगला दिसतो. हीच त्याच्या मदतीची जागा.

जोडीदाराशी हे सामन्याआधी ठरवून घ्या. दोन मिनिटं पुरतात. बेसवर कोणी नसताना तो लाइनवरून किती वर येणार, पाय सुटला असेल तर तुम्ही त्याच्याकडे बोट करून काय विचारणार आणि तो कुठल्या खुणेने उत्तर देणार. तुमची नजर अडली असेल तर निर्णय देण्याआधीच विचारा. एकदा आउट देऊन मग कोचच्या आरडाओरड्याने विचारायला गेलात तर पुढचे सहा इनिंग दोन्ही डगआउट (संघांची बाकं) तेच करायला लावतील. आणि विचारायच्या गोष्टी ठरलेल्या असाव्यात: पाय सुटला का, चेंडू पडला का, टॅग लागला का. चेंडू आधी की पाय आधी हे जोडीदाराला विचारू नका. तो तुमच्यापेक्षा दूर आहे, त्याला ते तुमच्याहून वाईट दिसलेलं असतं. नियमही हेच म्हणतो: निर्णय देणाऱ्याने विचारल्याशिवाय दुसऱ्या अंपायरने त्यात पडायचं नाही.

आता हात वर करण्याची वेळ. आवाज ऐकला, पाय बघितला, की नजर वर ग्लोव्हकडे न्या. चेंडू पक्का धरलाय का? नाचत नाहीये ना? मग मनात तो क्षण एकदा चालवा आणि मग हात. सगळं मिळून एक-दीड सेकंद जातो. मैदानात तो फार मोठा वाटतो, बाहेरून कोणाच्या लक्षातही येत नाही. आउटची मूठ वर गेली आणि चेंडू खाली घरंगळला, ही चूक फक्त घाईने होते आणि ती सगळ्यांना दिसते. उशिरा दिलेला निर्णय डळमळीत वाटतो ही भीती अनाठायी आहे. डळमळीत दिसतो तो अर्धवट उचललेला हात. काट्याच्या प्लेवर खूण मोठी आणि आवाज खणखणीत ठेवा.

सेकंडवरच्या चोरीचे (फटका न लागताच रनर पुढच्या बेसकडे धावतो तेव्हाचे) आणि होमवरचे टॅग वेगळे असतात, त्यांना शर्यतीची सवय लावू नका. चेंडू रनरच्या आधी पोचला म्हणजे आउट असं गृहीत धरून दिलेले निर्णय इथे सर्वांत जास्त चुकतात. चेंडू फूटभर आधी आलेला असतो, पण टॅग मांडीवर उंच लागतो आणि तोवर पायाचा अंगठा बेसला टेकलेला असतो. इथे १० ते १२ फुटांपर्यंत जवळ जा आणि ग्लोव्ह व रनर यांच्यामधली फट ज्या बाजूने दिसेल तिथे उभे राहा. फट बंद होताना दिसली तरच टॅग. तुम्ही आउट बघितलेला असला पाहिजे, नुसता अंदाज चालणार नाही. टॅगनंतर चेंडू ग्लोव्हमध्येच आहे हे बघेपर्यंत हात खाली. मुलं घसरत येऊन बेसवरून पुढे जातात, तेवढ्यात चेंडू धरलेला ग्लोव्ह अंगावरच टेकलेला असेल तर आउट, म्हणून पाय टेकला की नजर लगेच काढून घेऊ नका.

होमवर कॅचरच्या मागे एका जागी रुतून राहू नका. कॅचर ज्या बाजूला ओढला जाईल त्याप्रमाणे एक-दोन पावलं सरका, म्हणजे त्याची पाठ तुमच्या आणि प्लेटच्या मधे येणार नाही.

बरोबरीचं विचारलंत. बरोबरी झाली तर रनर सेफ, असं अमेरिकेत प्रत्येक गल्लीत ऐकायला मिळतं, पण नियमपुस्तकात तसं वाक्य नाही. फर्स्टसाठी नियम म्हणतो की बॅटरने बेसला पाय लावण्याआधी त्याला किंवा बेसला टॅग केलं तर तो आउट. शब्दशः घेतलं तर बरोबरीत सेफ. पण दुसरीकडे तेच पुस्तक म्हणतं की आउट होण्याआधी बेसला स्पर्श केला तरच रनरला त्या बेसवर हक्क मिळतो. शब्दशः घेतलं तर बरोबरीत हक्क नाही. क्रिकेटमधला शंकेचा फायदा बॅटरला देण्याची सवय इथे मोडावी लागेल. काम करणारे अंपायर बरोबरी असते असं मानतच नाहीत: चेंडूने पायाला हरवलं की नाही, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारायचा आणि पहिलं जे उत्तर येईल ते द्यायचं. मागच्या चुकीची भरपाई म्हणून दुसरा निर्णय वाकवणं मात्र कधीच नाही. त्याने एका चुकीच्या दोन होतात.

व्हिडिओबद्दल. मोबाइलचं नेहमीचं चित्रण सेकंदाला ३० फ्रेमचं असतं. एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत तुमच्या मैदानावरचं मूल सुमारे सात इंच पुढे जातं, त्यामुळे खऱ्या काट्याच्या प्लेचा नेमका क्षण बऱ्याचदा दोन फ्रेमच्या मधे हरवलेला असतो. शिवाय प्रेक्षकांतून तिरकं काढलेलं चित्र पाय बेसवर टेकलाय की बेसच्या अलीकडे हवेत आहे हे सांगू शकत नाही. मेजर लीगने २००८ मध्ये फक्त होम रनसाठी रिप्ले सुरू केला आणि २०१४ पासून तो फर्स्टसारख्या प्लेलाही लावला. तिथे अनेक कोनांतून चित्रण असतं, तरी बदलायला स्पष्ट पुरावा लागतो. आणि तिथे आव्हान दिलेल्या निर्णयांपैकी साधारण निम्मे बदलतात. जगातले सर्वांत चांगले अंपायरही काट्याच्या प्लेवर चुकतात, हे पालकांना सांगायला हरकत नाही.

धावणाऱ्या मुलाच्या ठाम बोलण्याचंही कारण आहे. २०१९ मध्ये अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलं की दोन स्पर्श जवळजवळ एकदम झाले तर माणसाला स्वतःचा स्पर्श सुमारे ५० हजारांश सेकंद आधी झाल्यासारखा वाटतो. मुलाला तो खरंच सेफ वाटलेला असतो. त्याच्याशी वाद घालू नका. कोचने विचारलं तर 'पायाच्या आधी ग्लोव्हचा आवाज आला' एवढं एक वाक्य पुरे.

सरावाचं शेवटी सांगतो, कारण तुम्ही नजरेबद्दल विचारलंत. दोन मोठी मुलं, एक बेस आणि एक मोबाइल लागतो. मोबाइल २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर लावा आणि तिपाईवर बेसच्या अगदी बाजूला, धावण्याच्या दिशेशी काटकोनात, बेसच्या उंचीवर ठेवा. त्यात एक फ्रेम चार हजारांश सेकंदाची असते. एकाने २० फुटांवरून पळत यायचं, दुसऱ्याने थ्रो झेलायचा, आणि पोचण्याची वेळ मुद्दाम जुळवायची. तुम्ही १८ फुटांवरून निर्णय द्या आणि लिहून ठेवा, व्हिडिओ नंतर बघा. एका बैठकीला तीस-चाळीस प्ले पुरेत, त्यापुढे कान थकतात. व्हिडिओत चेंडू ग्लोव्हला पहिल्यांदा लागला तो क्षण धरू नका, पक्का धरला गेला तो धरा, नाहीतर तुमचे बरोबर निर्णयही चूक दिसतील.

वहीत चुकांचे दोन रकाने करा: सेफ दिलेले पण आउट आणि आउट दिलेले पण सेफ. शेजारी थ्रो कुठून आला आणि तुम्ही किती लांब होता ते लिहा. पहिला रकाना भरत असेल तर तुम्ही चेंडूमागे नजर नेताय किंवा फार दूर उभे आहात. दुसरा भरत असेल तर बहुधा फील्डरचा छान थ्रो बघून मन आधीच आउट ठरवतंय, तेव्हा सुंदर फील्डिंग झाल्यावर मुद्दाम अर्धा सेकंद जास्त थांबा. दोन्ही सारखे भरत असतील तर जागेवर थांबायला तुम्ही उशीर करताय, आणि ते तपासायला दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या पायांचं चित्रण करायला सांगा.